महाशिवरात्र ते रंगपंचमी: माळव्यातले गळाचे दिवस

(दृश्य: इंदूरबाहेरचं एक गावतळं. काठाला बेशरमाची झुडपं. पाण्यावर पातळ धुकं.)

सकाळचे साडेनऊ झालेत, आणि काका आत्ता कुठे कणीक मळायला बसलेत. मासे धरणारा माणूस पहाटेच काठावर हवा, या समजुतीने आम्ही कॅमेरा घेऊन सहालाच आलो होतो. तीन तास कुडकुडलो. काका आले ते पोहे-जलेबी खाऊन, निवांत.

"घाई काय करून राहिलात? मासा अजून उठला नाहीये."

आम्हाला ती थट्टा वाटली. पण माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, पाणी जेवढं गार तेवढाच तो गार. पौष-माघात रोहू आणि मृगळ तळ्याच्या खोलगट भागात जाऊन बसतात, खाणं जवळजवळ सोडतात. फाल्गुनात माळव्याची दुपार 30 अंशांकडे सरकते, पण रात्री अजून गारच असतात, आणि पाणी हवेइतकं चटकन तापत नाही. म्हणून या दिवसांत माशाला भूक लागते ती दहा वाजल्यानंतर, आणि ऊन उतरलं की मंदावते. चैत्रात उन्हं कडक झाली की हेच गणित उलटं होतं, तेव्हा पहाटे उठा खुशाल.

(दृश्य: काका काठाने चालत जागा बघताहेत.)

जागाही उन्हाचीच. काकांनी तळ्याचा उत्तरेचा काठ धरलाय. सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे या उतारावर ऊन सरळ पडतं, आणि उत्तरेकडच्या गार वाऱ्याला पाठीमागच्या बांधाचा आडोसा मिळतो. पाणी कमरेएवढं, तळाला काळा गाळ. असा कोपरा तळ्यात सगळ्यात आधी कोमट होतो.

वसंतातली मासेमारी म्हणून इंटरनेटवर शोधायला जा, वॉलआय, क्रॅपी, यलो पर्च अशी नावं समोर येतात. ती अमेरिका-कॅनडाच्या तळ्यांतली. तिकडे बर्फ वितळून पाणी सात-आठ अंशांवर आलं की वॉलआय अंडी घालायला उथळात येतो, क्रॅपीला त्यासाठी पाणी आणखी बरंच कोमट लागतं. म्हणजे तिकडचा वसंत हा विणीचा हंगाम. आपल्या रोहू, कटला, मृगळ यांची वीण पावसाळ्यातली, नदीच्या पुरातली. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते ती त्यासाठीच. फाल्गुनात आपला मासा काठाशी येतो तो निव्वळ पोटासाठी. तिकडचे सल्ले इथे वापरून लोक रिकाम्या हाताने का परततात, ते इथे कळतं.

साचलेल्या तळ्यात तर हे तिघे वीतच नाहीत. 10 जुलै 1957 रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींची वीण घडवली, आणि बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिलं, तयार करण्याची वाट खुली झाली. या तळ्यातला प्रत्येक रोहू कुणीतरी बीज म्हणून आणून सोडलाय. त्यामुळे गळ टाकण्याआधी तळ्याचा पट्टा ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारायचं. काका दरवर्षी विचारतात.

(दृश्य: गाळातून वर येणारे बुडबुडे, अगदी जवळून.)

हे बुडबुडे बघा. खाली मृगळ गाळ उकरतोय. या दिवसांत काकांचा पहिला नेम त्याच्यावर. कणकेत भाजलेल्या मेथीची पूड, थोडी शेंगदाण्याची ढेप (पेंड), आणि गोळी थेट तळाला. रोहू मधल्या थरात खातो, त्याच्यासाठी दोरीवरचं तरंगतं बूच खाली सरकवून गळ उथळ ठेवायचा. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव खातो. दुपारी वारा सुटला की ते खाणं वाऱ्यासोबत समोरच्या काठाला ढकललं जातं. कटला हवा असेल तर डबा उचलून तिकडे जायचं. काका जात नाहीत. गुडघे दुखतात.

"तो वेलीत काय गोंधळ चाललाय?" आम्ही विचारलं.

पाणवनस्पतींत पाणी फडफडत होतं. तो सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणलेला पाहुणा. त्याची दुसरी जात 1957 मध्ये आली. आपल्या माशांसारखा तो पुराची वाट बघत नाही. जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसात, तळ्यातच वितो, चिकट अंडी पाणवनस्पतींना लावतो. परदेशातला वसंत बघायचा तर तो इथे, या वेलीत. काका तिथे गळ टाकत नाहीत.

मरळीला मात्र ते नाही म्हणत नाहीत. ती हवा घ्यायला वर येते, पाण्यावर एक गोल वलय उठतं, आणि पुढच्या क्षणी आमिष त्या वलयापलीकडे पडलेलं असतं. फक्त उन्हाळा चढल्यावर तिच्याभोवती लालसर पिलांचा थवा दिसला, तर तिला हात लावायचा नाही. मोठी मरळ पिलांची राखण करत असते.

आणि महाशीर? इंदूरच्या पाण्याचे दोन रस्ते आहेत. उत्तरेला गंभीर, क्षिप्रेतून चंबळेकडे. घाट उतरलं की चोरल, नर्मदेकडे. महाशीर त्या दुसऱ्या रस्त्यावरचा. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात, 2011 पासून तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. वाहत्या, दगडगोट्यांच्या स्वच्छ पाण्यातला हा मासा, धरणांच्या साठलेल्या पाण्यात फार कमी झाला. काकांच्या यादीत तो नाही.

(दृश्य: दुपारचे साडेचार. काका सामान आवरतात.)

दिवसभरात दोन मृगळ, एक रोहू. तिन्ही परत पाण्यात. काकांच्या रामबागेतल्या घरात मासा शिजत नाही.

दारात काकू विचारतात, "काय मिळालं?"

"काही नाही."

"मग उद्या पुन्हा?"

"रंगपंचमीपर्यंत तरी."