मोफत वकील मिळतो, पण मुदत संपल्यावर

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

मोफत वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यात उभा असलेला आरोपी येतो. यात तुमचा दोष नाही, आमच्या निकालपत्रांचा आहे. 1978 चं होस्कोट प्रकरण, 1979 चं हुसैनारा खातून, 1986 चं सुक दास. विधी साहाय्यावरचे हे गाजलेले निकाल सगळे फौजदारी. तुरुंगातल्या माणसाला वकील दिलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण घर जायची वेळ आलेल्या, पोटगी न मिळालेल्या, पगार बुडवलेल्या माणसाचं काय? घटनेतलं 39-अ कलम 1976 च्या दुरुस्तीनं आलं. आर्थिक किंवा इतर दुर्बलतेमुळे कोणाचीही न्यायाची संधी हुकू नये, असं ते म्हणतं. फौजदारी-दिवाणी असा भेद त्यात कुठेच नाही. मोफत वकील ज्याखाली मिळतो तो विधी सेवा प्राधिकरण कायदाही तो करत नाही. कोणतंही न्यायालय, प्राधिकरण, न्यायाधिकरण, आणि नुसता सल्लासुद्धा त्यात बसतो. हा कायदा 1987 चा, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. म्हणजे आठ वर्षं खुद्द कायद्यालाच तारीख मिळत नव्हती. (हशा) हसलात, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे दावे चालू आहेत.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, नंतर वेळ मिळेल न मिळेल. दिवाणी दाव्यात गरीब माणूस हरतो तो बहुतेक वेळा युक्तिवादात नाही, पहिल्या तीन महिन्यांत. आणि आपली मोफत मदत त्याच्यापर्यंत पोचते ती त्यानंतर.

एक हकिगत सांगतो. शहराचं नाव विचारू नका, कार्यालयाचं तर नकोच. मी तेव्हा विधी सेवेच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत वकिलांच्या यादीवर होतो. एक बाई, चार घरी पोळ्या करणाऱ्या. जुन्या चाळीत एक खोली, भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर. सासरे वारले, नवरा वारला, सासू गावी. मालकाच्या मुलानं कारभार हातात घेतला आणि भाडं घेणं बंद केलं. ही युक्ती चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. आधी भाडं घ्यायचं नाही, मग थकलं म्हणून नोटीस द्यायची. बाईंनी मनीऑर्डर केली, ती परत आली. पुन्हा केली नाही, कारण परत येणाऱ्या मनीऑर्डरचंही कमिशन जातं. नोटीस आली ती त्यांनी देवघरातल्या डब्यात ठेवली. इंग्रजीत होती.

आता जरा कायद्याकडे वळतो, कारण गंमत इथे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 15. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर 90 दिवस मालकाला दावाच लावता येत नाही. त्या मुदतीत भाडं भरलं तर थकबाकीचं कारणच उरत नाही. बरं, तेही हुकलं, दावा लागला, समन्स बजावलं. तरी समन्स मिळाल्यापासून आणखी 90 दिवस मिळतात. थकलेलं भाडं, त्यावर साल दरसाल 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढचं भाडं नेमानं भरत राहिलं, की थकबाकीपायी घर जात नाही. भाड्याच्या बाबतीत आपला कायदा बराच दयाळू आहे. फक्त त्याची दया मुदतीची आहे, आणि ती मुदत त्या डब्यातल्या कागदात बंद होती.

समन्स घेऊन बेलीफ आला तेव्हा शेजारच्या मुलानं वाचून सांगितलं, "काकू, कोर्टाचं आहे." कोणीतरी म्हणालं, मोफत वकील मिळतो. बाई रजा टाकून विधी सेवेच्या कार्यालयात गेल्या. (रजा म्हणजे चार घरची बोलणी, हे वेगळं.) तिथल्या गृहस्थांनी विचारलं, उत्पन्नाचा दाखला? दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेल्या. तिथे म्हणाले, रेशनकार्ड आणा. रेशनकार्ड सासूच्या नावावर आणि सासूबरोबर गावी. तिथून ते मागवलं, तर पत्ता गावचा निघाला. मग पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेपावती आणा, म्हणाले. आता बघा, ज्या पावतीवरून भांडण लागलंय, ती पावती दाखवली तर त्या भांडणासाठी वकील मिळणार! आणि पावती सासऱ्यांच्या नावावर, सासरे स्वर्गात. कोणी विचारलं असतं तर त्यांचाही उत्पन्नाचा दाखला मागितला असता.

मंडळी, या सगळ्या फेरीतला एकही कागद लागत नव्हता. विधी सेवा कायद्याचं कलम 12, पोटकलम क: स्त्री किंवा बालक. बस्स. उत्पन्नाचा प्रश्नच नाही. अनुसूचित जाती-जमातींना नाही, अपंगांना नाही, कारखान्यातल्या कामगारांना नाही, कोठडीतल्यांना नाही. उत्पन्नाची अट या यादीत न बसणाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्या राज्यात ती मर्यादा वर्षाला 3 लाख रुपये आहे. त्यांच्यासाठीसुद्धा कलम 13 सांगतं की उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र चालू शकतं, ते खोटं मानायला कारण नसेल तर. ही अक्कल संसदेला सुचली होती. टेबलापर्यंत उतरली नाही.

बाईंचा आणखी एक समज होता. कार्यालय कोर्टाच्याच आवारात, तेव्हा तिथे अर्ज दिला म्हणजे साहेबांना कळलं. त्यामुळे तारखेला त्या कोर्टात उभ्याच राहिल्या नाहीत. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, 30 दिवसांत द्यायची असते, कारण दाखवलं तर कोर्ट 90 पर्यंत वाढवतं. इकडे काहीच नाही. दावा एकतर्फी झाला, खोली खाली करण्याचा हुकूमनामा. आणि त्यानंतर, हो, त्यानंतर त्यांचा अर्ज मंजूर झाला आणि मोफत वकील म्हणून माझी नेमणूक झाली. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला पुन्हा 30 दिवस. तो रद्द झाला. पण पैसे भरायचे ते 90 दिवस? त्यावरून पुढचं सगळं भांडण. निकाल सांगत नाही, अपील चालू आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. पत्रिकेवरचा विषय, 'काय बदलायला हवं', अजून बाकी आहे, त्यामुळे आता पळतो.

पहिलं, मदत कोर्टातून वस्तीत आणा. दवाखान्यात डॉक्टरच्या आधी केसपेपर काढणारा असतो, तसा कागद वाचून सांगणारा माणूस महापालिकेच्या प्रत्येक वॉर्ड ऑफिसात हवा. तो वकील असायला नको, प्रशिक्षित विधी स्वयंसेवक चालेल. त्यानं तीनच गोष्टी सांगायच्या: हा कागद कशाचा, मुदत कधी संपते, त्याआधी काय भरायचं किंवा द्यायचं.

दुसरं, समन्सबरोबर मराठीत एक पान जोडा. मोफत मदत कोणाला, कार्यालय कुठे, हेल्पलाइन 15100. खर्च एका झेरॉक्सचा.

तिसरं, आणि हे मला सविस्तर सांगायचं होतं. 2022 पासून फौजदारी बचावासाठी विधी साहाय्याचे पूर्णवेळ, मानधनावरचे वकील नेमायची योजना सुरू झाली. चांगलं झालं. दिवाणी मात्र पॅनेलवरच राहिलं. म्हणजे स्वतःची वकिली सांभाळून, तुटपुंज्या फीवर, वेळ मिळेल तसं. मी तेच केलंय, म्हणून बोलतो. पोटगी, भाडं आणि मजुरी एवढ्या तीन विषयांपुरते तरी पूर्णवेळ वकील मोठ्या शहरांत द्या.

चौथं, लोकअदालत. आकडे मोठे दिसतात, त्यात न सुटलेलं खूप आहे, तो विषय पुढच्या वर्षी बोलवलंत तर. आज एवढंच सांगतो की लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नाही, तेव्हा सही करण्याआधी घरी विचार करायला वेळ मागा, आणि न पटल्यास सही करू नका. दावा जिथे होता तिथे परत जातो, शिक्षा होत नाही. बायकांना पोटगी, मालमत्ता आणि घटस्फोटाच्या दाव्यात कोर्ट फी माफ आहे, 1994 च्या अधिसूचनेनं, हेही कानावर असू द्या.

दुसरी चिठ्ठी आली, ही पहिलीपेक्षा छोटी आहे. (हशा) प्रश्न घ्यायला मी बाहेर व्हरांड्यात थांबतो. मघाशी दोघांनी नोटिसा आणल्याचं सांगितलं. झेरॉक्स दाखवू नका, मूळ कागद आणा, आणि पाकीट टाकून दिलं नसेल तर तेही आणा. नोटिशीवर पाठवल्याची तारीख असते, मला हवी ती तुम्हाला मिळाल्याची.