सात मेगापिक्सेलमधली फिल्म

(दृश्य: पुण्याची मंडई, दिवेलागणीची वेळ. हातात छोटा कॅमेरा.)

हा कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस, २००७ सालचा डिजिटल कॅमेरा. याच्यातून जुन्या फिल्मसारखे फोटो काढायचेत. सात मेगापिक्सेल, करंगळीच्या नखाएवढा सीसीडी सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, आणि दोन पेन्सिल सेल. याच्या मेनूत ‘माय कलर्स’ आहे आणि त्यात ‘पॉझिटिव्ह फिल्म’. ते निवडलं की लाल, हिरवा, निळा तिन्ही गडद होतात. स्लाइड फिल्मची आठवण यावी, अशी कंपनीची अपेक्षा. खरं सांगायचं तर फोटो नुसता भडक होतो.

(दृश्य: बल्बखाली भाजीचे ढीग. एकच चौकट दोनदा, एक ‘ऑटो’वर, एक ‘डे लाइट’वर.)

फिल्म हट्टी होती. नेहमीच्या रंगीत रोलचं रसायन दिवसाच्या उजेडासाठी, साधारण ५५०० केल्विनला बेतलेलं. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. रोल भरला की छत्तीसही फोटो त्याच नजरेतून. बल्बखाली सगळं नारिंगी, ट्यूबखाली हिरवट. हा कॅमेरा मात्र पांढरं कशाला म्हणायचं हे दर फोटोला नव्याने ठरवतो आणि बल्बचा रंग बराचसा धुऊन टाकतो. म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ठरवण्याची ही सोय, ‘डे लाइट’वर ठेवायचा आणि रात्रीही हलवायचा नाही. निम्मं काम इथेच होतं.

निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड पचवायची. या सेन्सरला ते जमत नाही. उजळ भाग एकदा पांढराफटक झाला की त्यात काही उरत नाही. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप खाली. एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. ‘कस्टम कलर’मध्ये शार्पनेस आणि कॉन्ट्रास्टही एकेक पायरी उतरवायचे.

(दृश्य: संगणकाचा पडदा. एकच चेहरा, कृष्णधवल, दोन रूपांत.)

कृष्णधवल मात्र कॅमेऱ्यात करू नये. फोटो रंगीतच काढायचा आणि गिम्पसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनेल मिक्सर उघडायचा. कृष्णधवल फोटोत लाल, हिरवा, निळा यांचा वाटा किती, हे त्यात ठरवता येतं. फक्त लाल चॅनेल ठेवला तर निळं आकाश काळवंडतं, ढग उठून येतात. लेन्सवर लाल फिल्टर लावून हेच करत. निळा ठेवून त्यात थोडा हिरवा मिसळला की आपण थेट मूकपटांच्या जमान्यात. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. पणजीच्या फोटोतलं लालभडक कुंकू काळंकुळकुळीत दिसतं, ते बहुतेक याचमुळे.

आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ४०० च्या पुढे नेली की या सेन्सरवर रंगीत ठिपके उमटतात. कृष्णधवलात त्यांचा रंग जातो, दाणे राहतात. कोडॅकच्या ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मच्या दाण्यांची सर त्यांना नाही, पण चालतात. अडचण अशी की कॅमेरा जेपेग बनवताना ते दाणे घोटून टाकतो. त्यावर तोड म्हणजे सीएचडीके, हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेली मोफत प्रणाली. ती मेमरी कार्डावरून चालते, कॅमेऱ्याचं मूळ सॉफ्टवेअर बदलत नाही आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं, देते. ती साठवायला कॅमेरा वेळ लावतो, त्यामुळे पळत्या पोरांचे फोटो काढताना ती बंदच ठेवलेली बरी.