शून्य बाइटची फाइल

[दृश्य : शिवाजी उद्यमनगर, सकाळ. भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या पात्रात, उतरणारं लोखंड.]

हे कोल्हापूरचं उद्यमनगर. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी इथे यंत्रं घडवली. त्यांच्या मागून आलेल्यांनी शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत फाउंड्र्या, म्हणजे लोखंड ओतण्याचे कारखाने, उभ्या केल्या.

याच पट्ट्यातल्या छोट्या फाउंड्रीवाल्यांची एक मेलिंग लिस्ट आहे. एकाने मेल टाकायचा, तो सगळ्यांना पोचतो. वाळूत ओल किती ठेवायची, या कास्टिंगला, म्हणजे ओतीव वस्तूला, ब्लोहोल (वायूची भोकं) का पडले, कुणाकडे जादा पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) आहे का. वर्षानुवर्षांची ही प्रश्नोत्तरं त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर साठलेली आहेत. पॅटर्न शॉपच्या, म्हणजे वाळूत साचा उमटवायचे नमुने बनवणाऱ्या दुकानाच्या, माळ्यावर, पत्र्याच्या कपाटाला टेकून असलेलं हे काळं खोकं म्हणजे तो सर्व्हर. वर वाळूची धूळ बसलीय, पण तो त्यांच्या मालकीचा आहे. त्यातलं एक अक्षरही कुणा परक्याच्या ताब्यात नाही.

पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती. वीज आल्यावर सर्व्हर चालू झाला, लिस्ट मात्र उठली नाही.

[दृश्य : स्क्रीन. काळ्या पडद्यावर फाइलींची यादी.]

लिस्ट चालते जीएनयू मेलमनवर, २.१ या आवृत्तीवर. हे सॉफ्टवेअर जॉन व्हिएगा यांनी लिहायला घेतलं, बॅरी वॉर्सॉ यांनी पुढे नेलं. ते मुक्त आहे, कुणीही उघडून वाचावं असं. त्यात प्रत्येक लिस्टची सगळी मांडणी एकाच फाइलीत असते : सभासदांचे पत्ते, त्यांचे पासवर्ड, मॉडरेटर (मेल तपासून सोडणारा) कोण, रोजचे मेल एकगठ्ठा कुणाला हवेत, नव्या माणसाला स्वागताचा मजकूर कोणता जायचा. फाइलीचं नाव कॉन्फिग डॉट पीसीके. फाउंड्रीत पॅटर्नचं जे काम, तेच इथे हिचं. पॅटर्न नसेल तर लोखंड कितीही चांगलं असो, ओतायचं कशात?

आता स्क्रीनवर आकाराचा रकाना पाहा. कॉन्फिग डॉट पीसीके : शून्य बाइट. तिच्याखाली आधीची प्रत, कॉन्फिग डॉट पीसीके डॉट लास्ट. तीही शून्य.

इथे थांबायला हवं, कारण खरा उलगडा इथेच आहे. मेलमन चालू फाइलीवर थेट लिहीत नाही. आधी तात्पुरती फाइल लिहितो, मग जुनी फाइल ‘लास्ट’ म्हणून बाजूला ठेवतो आणि शेवटी तात्पुरतीला खरं नाव देतो. डिस्क भरली म्हणून लिहिणं फसलं, तर जुनी फाइल जागेवर शाबूत राहते. फाइल वाचताना अडलं तर मेलमन स्वतःच ‘लास्ट’कडे वळतो. रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण लिहिलेला मजकूर काही क्षण मेमरीतच असतो, डिस्कवर नंतर उतरतो. तो लगेच उतरवायला लावणारी ‘सिंक आफ्टर राइट’ नावाची सेटिंग मेलमनमध्ये आहे, आणि मुळात ती बंद असते. त्या संध्याकाळी फाइल लागोपाठ दोनदा लिहिली गेली आणि वीज गेली. नावं बदलली होती, मजकूर उतरलाच नव्हता. हे कुणी फोनवरून सांगितलेलं नाही. मेलमनचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून, ओळीवर बोट ठेवून शोधलेलं आहे.

[दृश्य : कीबोर्डवर तरुण मुलीचे हात, मागे उभे काका.]

ही पॅटर्न शॉपवाल्यांचीच पुतणी, संगणकाचं शिकलेली. तिचं पहिलं वाक्य, “काका, आधी काही पुसायचं नाही.” मेलमन थांबवला. दोन्ही रिकाम्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. मग कपाटातली ही बाहेरची हार्डडिस्क निघाली. तिच्यावर लिस्टची जुनी प्रत होती. ती जागेवर ठेवण्याआधी तिनं ‘डम्प डीबी’ चालवलं. हे मेलमनसोबतच येणारं साधन. पीसीके फाइल एडिटरमध्ये उघडली तर नुसती चिन्हं दिसतात, कारण मेलमन पायथन या संगणकभाषेत लिहिलेला आहे आणि ही फाइल तिच्या पिकल या साठवणीच्या पद्धतीनं बांधलेली असते. डम्प डीबी तीच फाइल माणसाला वाचता येईल अशी मांडतो. बघा, पत्ते सरकायला लागले. शेवटच्या कंसापर्यंत फाइल धड आहे.

ती जागेवर गेली. रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी, म्हणून कॉपी केल्यानं फाइलीचा ग्रुप बदलला होता, तो ‘चेक पर्म्स’ या मेलमनच्याच साधनानं दुरुस्त केला. ही पायरी चुकली की बरी झालेली लिस्टही बंदच राहते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

प्रत जुनी, मग नंतर आलेले सभासद? मेलमनच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदींत, ‘सबस्क्राइब’ नावाची वेगळी वही असते. कोण कधी आलं, कोण गेलं, ओळीला ओळ. हातात पट्टी धरून काका ती वाचतायत आणि पुतणी पत्ते भरतेय. यातलं काहीही विकत आणावं लागलं नाही.

[दृश्य : मेल येताना. मग पुन्हा भट्टी.]

अडकलेले मेल ‘शंट’ नावाच्या रांगेत पडून होते, ते ‘अनशंट’नं सोडले. जुना पत्रव्यवहार वेगळ्या फाइलीत असतो, त्याला धक्काही लागला नव्हता. मधल्या काळात पिग आयर्नचा एक सौदा हुकला.

आता ‘सिंक आफ्टर राइट’ चालू आहे. यूपीएसला नवी बॅटरी आहे. रोज रात्री ‘कॉन्फिग लिस्ट’ लिस्टच्या सेटिंग साध्या मजकुरात लिहून ठेवतो, ‘लिस्ट मेंबर्स’ सभासदांची यादी. ही दोन्ही माहिती त्या बाहेरच्या हार्डडिस्कवर जाते.

मेलमन २.१ पायथन २ वर चालतो आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्यामुळे मेलमन ३ वर जायची तयारी सुरू आहे. तिथे ही सगळी माहिती डेटाबेसमध्ये राहील. जुनी लिस्ट तिकडे न्यायची आज्ञा एकच फाइल मागते : कॉन्फिग डॉट पीसीके.