बॅगेतली दुसरी रॅकेट

(कोल्हापुरात प्रशिक्षक, खेळाडू आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर प्रशिक्षक आहेत, खेळणारी पोरं आहेत, त्यांचे आई-वडील आहेत. मागच्या रांगेत उद्यमनगरातल्या कारखान्यांतली, लेथवर काम करणारी तीन-चार टर्नर मंडळीही दिसताहेत. ती बहुधा माझी मापं तपासायला आलीत, त्यामुळे जपून बोलतो.

विषय दिलाय ‘रॅकेटची गुणवत्ता तपासणी आणि ट्यूनिंग’. मी तो एका प्रश्नावर आणतो. तुमच्या बॅगेत दोन रॅकेट आहेत. कंपनी एक, मॉडेल एक, घेतल्याही एकाच दिवशी. तिसऱ्या गेमला 18-18 असताना पहिलीचं गटिंग, म्हणजे ताणलेल्या तारांची जाळी, तुटलं, तुम्ही पळत जाऊन दुसरी घेतली. ती पहिलीसारखीच आहे का? बहुतेकांची नसते. पहिले दोन ड्रॉप नेटमध्ये जातात आणि बाप गॅलरीतून ओरडतो, “अरे लक्ष कुठाय तुझं!” लक्ष जागेवर असतं हो. हातातली वस्तू बदललेली असते.

कंपनीने फसवलं असंही नाही. रॅकेटवर 4U लिहिलं म्हणजे वजन 80 ते 84 ग्रॅमच्या दरम्यान, 3U म्हणजे 85 ते 89. हा पाच ग्रॅमचा पट्टा आहे. म्हणजे 80 ची आणि 84 ची, दोन्ही रॅकेट प्रामाणिकपणे 4U च. कार्बनचे रेझिन (चिकट राळ) लावलेले पट्टे हाताने गुंडाळून साच्यात घालतात, आतून हवा भरून तापवतात, मग भोकं पाडतात, बारीक खड्डे पुटीने बुजवतात, घासतात, रंगवतात. रेझिन कमी-जास्त राहतं, पुटी एखाद्या ठिकाणी जास्त बसते, रंगाचा एक हात जाड होतो. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे समजावून सांगायला नको. नियमाला तर वजनाशी देणंघेणंच नाही. जागतिक बॅडमिंटन महासंघ मापं सांगतो ती लांबी-रुंदीची: फ्रेमची एकूण लांबी 680 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, रुंदी 230 पेक्षा जास्त नको, आणि गटिंगचा भाग 280 बाय 220 च्या आत. वजन, तोल, ताण हे सगळं तुमच्यावर सोडलंय.

आता वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट, बॅलन्स. रॅकेट आडवी धरून स्टीलपट्टीच्या कडेवर ठेवायची, जिथे तोलते ती जागा हँडलच्या टोकापासून मोजायची. साधारण 285 ते 305 मिलिमीटरच्या आसपास येते. आकडा मोठा तशी रॅकेट डोक्याला जड. इथे एक हिशोब फळ्यावर मांडतो, कारण तो केल्याशिवाय ट्यूनिंग म्हणजे काय ते कळत नाही.

गटिंग नसलेली एक रॅकेट घ्या, वजन 85 ग्रॅम, बॅलन्स 295. तिला गटिंग केलं. आत जेवढी स्ट्रिंग राहते तिचं वजन साधारण 4 ग्रॅम, आणि ते हँडलच्या टोकापासून 550 मिलिमीटरवर, म्हणजे डोक्याच्या मध्यावर बसतं. बॅलन्स जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर पुढे सरकतो आणि 306 च्या वर जातो. आता वर एक ओव्हरग्रिप, म्हणजे मूळ ग्रिपवर गुंडाळायची पट्टी, चढवा, 5 ग्रॅमची. तिचं वजन हँडलवर, टोकापासून 90 मिलिमीटरच्या आसपास. बॅलन्स पुन्हा साडेअकरा मागे. आलो जिथून निघालो तिथेच. आता बघा, आपली पोरं काय करतात. पावसाळ्यात हात घामाने निसटतो म्हणून एका रॅकेटवर जुन्या ग्रिपवरच दुसरी ग्रिप चढवतात. दुसऱ्या रॅकेटवर एकच. झाला सेंटिमीटरभर फरक, आणि तोही पन्नास-साठ रुपयांच्या ग्रिपने. रॅकेट पाच हजाराची की पंधरा हजाराची, याचा इथे काही संबंध नाही.

म्हणून तपासणीचा पहिला नियम: रॅकेट जशी खेळायला जाणार तशीच तोला. गटिंगसकट, ग्रिपसकट. काटा साधा डिजिटल चालतो, दशांश ग्रॅम दाखवणारा. गुजरीतल्या सराफाचा काटा याहून कितीतरी बारीक असतो, आपल्याला तेवढ्याची गरज नाही.

दोन रॅकेट जुळवायच्या तर हलकीला वजन चढवायचं, जडचं उतरवायला जायचं नाही. काही जण ग्रिप काढून लाकडी हँडल आतून कोरतात. मी त्याच्या विरुद्ध आहे, हँडल सैल झालं की रॅकेट गेली. शिशाची चिकटपट्टी मिळते, ती वापरा. डोक्याच्या अगदी वरच्या टोकाला एक ग्रॅम लावलं की बॅलन्स जवळजवळ 4 मिलिमीटर पुढे जातो. तेवढं रोज खेळणाऱ्याला पहिल्या चार स्मॅशमध्ये जाणवतं. अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात करा, दोन्ही बाजूंना सारखी लावा, वरून पातळ टेप मारा. मागे घालायची असेल तर ग्रिपच्या खाली, हँडलच्या टोकाला.

वजन जुळलं, बॅलन्स जुळला, तरी एक गोष्ट उरते. वजन दोन टोकांना साठलंय की मध्ये, हे काटाही सांगत नाही आणि पट्टीही सांगत नाही. दोन रॅकेट काट्यावर सारख्या, पण फिरवताना एक जड लागते, ती यामुळे. त्यासाठी रॅकेट झुलवायची. हँडलच्या टोकाजवळ घट्ट चिमटा लावा, चिमटा दोन खिळ्यांवर टेकवा, रॅकेट खाली डोकं करून लोंबू द्या. थोडीशी ओढून सोडा आणि वीस झोके मोजा. एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, सव्वा ते दीड सेकंद लागतो, वीसला सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद. दोघींत अर्ध्या सेकंदाचा फरक आला तर फिरवायला लागणारा जोर साडेतीन-चार टक्क्यांनी वेगळा समजा. अट एकच, वजन आणि बॅलन्स आधी जुळलेले हवेत, नाहीतर हा आकडा फसवा निघतो. या परीक्षेत फार अंतर पडलं तर पट्ट्या लावत बसू नका. ती सरावाला ठेवा आणि जोडीला वेगळी शोधा.

आता गटिंग. खरं सांगायचं तर वरचं सगळं एका बाजूला आणि गटिंग एका बाजूला. लोक विचारतात, “चोवीस पाउंड टाकलं का?” मशीनवर चोवीस पाउंडांचा ताण लावणं आणि रॅकेटमध्ये चोवीस असणं या दोन गोष्टी आहेत. 24 पाउंड म्हणजे 10.9 किलो. स्ट्रिंगचा तुकडा मशीनच्या पकडीत द्या, दुसऱ्या टोकाला लटकवायचा डिजिटल काटा अडकवा आणि ओढा. काट्यावर 10.9 च्या आसपास दिसलं पाहिजे. साडेदहा दाखवत असेल तर ते मशीन 23 पाउंडच ओढतंय आणि पावतीवर 24 लिहितंय. वजनाच्या दांड्याचं मशीन असेल तर दांडा आडवा, समांतर झाल्यावरच ताण बरोबर असतो. घाईत दांडा कलता ठेवून पुढची तार ओढणारे मी पाहिलेत.

दुसरं, फ्रेमचा आकार. उभ्या तारा ओढल्या की डोकं लांबीला आखडतं आणि रुंदीला फाकतं. आडव्या तारा ते परत आत आणतात. म्हणून आडव्या तारा एक-दोन पाउंड जास्त ठेवायची पद्धत आहे. गटिंगच्या आधी डोक्याची रुंदी मोजून लिहा, झाल्यावर पुन्हा मोजा. दोन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर रॅकेट घेऊ नका, कापून पुन्हा करायला सांगा. उद्यमनगरच्या गावात व्हर्निअर मिळत नाही असं कुणी मला सांगू नये.

स्ट्रिंग नायलॉनची. ओढून ठेवली की ती हळूहळू सैलावते, पहिल्या दिवसात सगळ्यात जास्त. जूनमध्ये हवा ओली झाली की आणखी, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवली तर विचारूच नका. मग किती उतरलं हे घरी कसं ओळखायचं? कानाने. गटिंगवर नखाने टिचकी मारा, नाद ऐका. नादाची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. ताण अकरा टक्के उतरला की नाद बरोबर अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीइतका, खाली येतो. पेटीवरच्या काळी एकचा नाद पांढरी एकवर आला, तर तुमचे 24 पाउंड साडेएकवीसच्या खाली आलेत. देवल क्लबसारखी गाण्याची संस्था असलेल्या गावात हे कानाला कळू नये असं होणार नाही. नवीन गटिंग झालं त्याच संध्याकाळी मोबाइलवर नाद रेकॉर्ड करा आणि दर आठवड्याला त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही रॅकेटचा नाद एक असला की ताणही एक, पण स्ट्रिंग एकच हवी. 0.70 मिलिमीटरची जाड स्ट्रिंग आणि 0.66 ची बारीक स्ट्रिंग एकाच ताणाला वेगळ्या बोलतात.

आमच्या शेजारच्या सांगलीचे नंदू नाटेकर. 1956 साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकले, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्या काळी रॅकेट लाकडी. खेळ संपला की चार स्क्रूच्या चौकटीत दाबून ठेवायची, नाहीतर दमट हवेत फ्रेम पिळायची. रोज रात्री रॅकेट आवळून ठेवणारी ती पिढी तपासणी करतच जगत होती. कार्बन आला आणि आपण बॅग कोपऱ्यात फेकायला लागलो.

कार्बन पिळत नाही, तडकतो. दुहेरीत जोडीदाराच्या रॅकेटवर आपटली की ग्रिपकडे बघू नका, फ्रेमकडे बघा. घड्याळाच्या अकरा आणि एकच्या जागा, आणि शाफ्ट, म्हणजे मधली दांडी, फ्रेमला मिळतो तो टी-जॉइंट. रंगाचा टवका वेगळा, तडा वेगळा. नखाला अडकणारी, भोकाकडे जाणारी बारीक रेघ दिसली आणि दोन अंगठ्यांनी दाबल्यावर ती हलली किंवा कुरकुरली, तर तिच्यावर पुन्हा 26 पाउंड ओढायचं धाडस करू नका.

आणि गटिंग तुटलं की काय करता? बॅगेत टाकता, रविवारी दुकानात नेता. एक तार तुटली की त्या बाजूचा ताण जातो, बाकी सगळ्या तारा फ्रेमला एका अंगाने ओढत राहतात. मॅच चालू असली तरी बाहेर येऊन कात्री घ्या, मधून सुरुवात करून उभ्या-आडव्या तारा कर्णात कापत बाहेर जा. अर्धं मिनिट लागतं. हे प्रशिक्षकांनी पोरांना सर्व्हिसच्या आधी शिकवावं असं माझं मत आहे.

प्रश्न आलेत, दोन घेतो. पहिला, “पुण्या-मुंबईला चांगली लागणारी रॅकेट इथे बेभरवशाची का वाटते?” आधी शटल बघा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. मुंबईपेक्षा इथे हवा विरळ, तेच शटल इथे लांब जातं. पुण्याची उंची आपल्याइतकीच, तिथली तक्रार बहुधा वेगळ्या शटलची. मागच्या रेषेवरून पूर्ण जोराने खालून मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या 530 ते 990 मिलिमीटर अलीकडे पडलं पाहिजे, असा नियम आहे. त्याच्या पलीकडे जात असेल तर वेगाच्या नंबरात एक नंबर खालचं, हळू शटल घ्या. रॅकेटला हात लावू नका.

दुसरा प्रश्न एका आईचा. मुलगा अकरा वर्षांचा आहे, दोन रॅकेट हव्यातच का? नको हो ताई. एक हलकी घ्या, 18-20 पाउंडावर गटिंग करा, उरलेले पैसे शटलला घाला. जिल्ह्याच्या स्पर्धा खेळायला लागला की मग दुसरी. तेव्हा दुकानात आपला काटा आणि पट्टी घेऊन जा, त्याच मॉडेलच्या चार-पाच काढायला सांगा आणि पहिलीच्या सगळ्यात जवळची निवडा. पहिलीची ओव्हरग्रिप उतरवून तोलायला विसरू नका, दुकानातल्या कोऱ्या रॅकेटवर ओव्हरग्रिप नसते. नवीला गटिंग नसेल तर पहिलीचं गटिंग संपायची वाट बघा, म्हणजे दोन्ही सारख्या अवस्थेत काट्यावर येतील.

चहा बाहेर लागलाय. ज्यांनी रॅकेट आणल्यात त्यांनी इथे टेबलाशी या, दोन-दोनच्या जोड्या घेऊन.