दोन ब्रेक, एक खटका

(दृश्य: दिवस नुकता उजाडलेला. प्रयाग चिखली. मळीचं रान, मोकळा ट्रॅक्टर.)

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी. इथं त्यांचं पाणी एक होतं आणि पुढं पंचगंगा म्हणून वाहतं. या रानात वीस वर्षांची एक मुलगी आज पहिल्यांदाच ट्रॅक्टरवर बसली आहे. शिकवायला तिचे चुलते आहेत. गळिताच्या हंगामात ऊस ओढण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय.

किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.

"पायाखाली बघ. ब्रेक किती हाईत?"

"दोन, काका."

डावा ब्रेक मागच्या डाव्या चाकाचा, उजवा उजव्या चाकाचा. बांधाजवळ वळताना एकच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. डांबरीवर वेगात असताना हेच झालं, तर तो कुशीवर पडतो. म्हणून पाणंद सोडायच्या आधी दोन्ही ब्रेक खटक्यानं जोडायचे. ती खटका चारदा लावते, चारदा काढते. एवढासा लोखंडाचा तुकडा, पण शिकणाऱ्याला गिअरच्या आधी तो दाखवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता किल्ली मिळते. लो गिअर, थोडासाच ॲक्सिलरेटर.

"क्लच सावकाश सोड, पोरी."

या सावकाशीला कारण आहे. रुतलेली ट्रॉली ओढताना क्लच झटक्यात सोडला, की मागची चाकं फिरत नाहीत. इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतो. त्यात साखळी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला न बांधता वर, टॉप लिंकच्या (अवजाराचा वरचा दांडा अडकवायच्या) जागी बांधलेली असली, तर ट्रॅक्टर मागं उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. उडी मारायला वेळच उरत नाही. पुढची चाकं उचलायला लागली की त्याच क्षणी क्लच दाबायचा. काका हे तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतात. आणि ओढ? कायम खालच्या ड्रॉबारलाच.

धाकटा भाऊ मडगार्डवर चढू बघतो. त्याला खाली उतरवलं जातं. तो रुसतो, कारण गावातली सगळीच पोरं मडगार्डवर बसून मोठी झालीत. पण एका खड्ड्याचा हिसका बसला, की तिथून पडणारा माणूस थेट मागच्या चाकाखाली जातो.

(दृश्य: आता ट्रॅक्टरला मागं रोटाव्हेटर जोडलाय, माती भुसभुशीत करणारं अवजार. इंजिनाचा जोर त्याला पोचवणारा पीटीओचा फिरता शाफ्ट, लांबून.)

मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक सापडलं, तर हात पोचायच्या आत ती गुंडाळली जाते. मुलीनं ओढणी सकाळीच घरी ठेवली आहे. शाफ्टवर कव्हर आहे, तरी इंजिन बंद झाल्याशिवाय तिथं कुणी जायचं नाही.

तीन फेऱ्या होतात. वळणावर एकदा इंजिन बंद पडतं. काका काहीच बोलत नाहीत. बांधाला ती थांबते. रोटाव्हेटर जमिनीला टेकवते, हँडब्रेक ओढते, इंजिन बंद करते.

"डांबरीवर कधी न्यायचा?"

"लायसन आल्यावर. उद्या रिकामी ट्रॉली मागं घ्यायला शीक."