रातकिड्याची पावडर होताना

(दृश्य: अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या फटींतून फिरणारे रातकिडे)

माणसांनी खायच्या पावडरीसाठी पाळलेल्या या रातकिड्यांना कालपासून खायला दिलेलं नाही. मुद्दामच. सहा-आठ आठवड्यांत ते पूर्ण वाढतात आणि मारण्याआधी किमान 24 तास उपाशी ठेवले जातात. कोंबडीचं किंवा मासळीचं आतडं काढून टाकता येतं. एवढ्याशा किड्याचं पोट कोण साफ करत बसणार? त्याच्या पोटात जे उरेल, ते थेट पावडरीत येणार.

मग फ्रीझर. थंडीने किडे आधी सुस्तावतात, मग मरतात.

(दृश्य: जाळीची टोपली उकळत्या पाण्यात)

ही उकळी काही मिनिटांचीच. बघायला यात फारसं काही नाही, पण सगळ्या कामाची मेख इथेच आहे. उपाशी ठेवलं तरी आतड्यातले जिवाणू जात नाहीत. उकळीत त्यांतले बहुतेक मरतात. शिवाय मेलेला किडा चिरलेल्या सफरचंदासारखा काळवंडतो, तेही उष्णतेने थांबतं.

सरळ भाजले तर? पिवळ्या अळ्या (मीलवर्म, याही खाण्यासाठी वापरतात) आणि रातकिडे घेऊन हे तपासलं गेलंय. नुसतं भाजणं पुरत नाही, आधी उकळावं लागतं.

उकळूनही काही चिवट मंडळी मागे राहतातच. बॅसिलस सिरियससारख्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. ओलावा आणि ऊब मिळाली की पुन्हा रुजतात. त्यामुळे उकळलेला माल टेबलावर ठेवून जेवायला जाण्याची इथे सोय नाही. लगेच गार करायचा, नाहीतर लगेच वाळवायला घालायचा.

(दृश्य: ओव्हनमधून बाहेर येणारा ट्रे)

नीट वाळलेला किडा चिमटीत धरला की त्याचा पाय कट्कन तुटतो. पण बोटांच्या अंदाजावर कुणी माल पास करत नाही. यंत्रावर वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे जिवाणूंना वापरता येईल असं मोकळं पाणी किती उरलंय, ते मोजतात. ती 0.6 च्या खाली गेली की जिवाणू आणि बुरशी वाढू शकत नाहीत. फ्रीझ-ड्रायिंगने, म्हणजे गोठवून वाळवल्याने, माल दिसतो झकास, फक्त विजेचं बिल झेपलं पाहिजे.

(दृश्य: दळणयंत्र)

दळताना आडवी येते चरबी. वाळलेल्या पिवळ्या अळीत ती साधारण पाव ते एक तृतीयांश असते. यंत्र तापलं की पीठ पडायच्या जागी लगदा चिकटतो. शिवाय ही चरबी हवेने खवट होते. म्हणून बरेच जण आधी दाबून तेल काढतात आणि मग दळतात.

आता पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा. नेहमीची पद्धत अशी की नायट्रोजन मोजायचा आणि 6.25 ने गुणायचं. पण किड्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, आणि तो प्रथिनांच्या खात्यात जमा होतो. 2017 मध्ये संशोधकांनी अळ्यांसाठी 4.76 हा गुणक सुचवला. तो लावला तर 60 टक्क्यांचा दावा 46 च्या आसपास येतो. जाहिरातीत कुठला आकडा छापला जातो, हे सांगायला नको.

(दृश्य: पाकिटाची मागची बाजू)

युरोपीय संघाने वाळवलेल्या पिवळ्या अळ्यांना 2021 मध्ये आणि रातकिड्यांना 2022 मध्ये परवानगी दिली, ती अ‍ॅलर्जीची सूचना छापण्याच्या अटीवर. कोळंबी-खेकड्याची किंवा धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची) अ‍ॅलर्जी असलेल्यांना ही पावडरही बाधू शकते, कारण या सगळ्यांत ट्रोपोमायोसिन हे प्रथिन जवळपास सारखंच असतं. ते उकळून किंवा वाळवून जाईल, याची खात्री देता येत नाही.