राणीच्या बागेतले स्थलांतरित

भायखळा स्थानकातून पूर्वेला बाहेर पडून काही मिनिटे चालले की हे प्रवेशद्वार लागते. १९६९ पासून या बागेचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, तरी मुंबईकराच्या तोंडी अजून राणीची बागच आहे. ही राणी म्हणजे व्हिक्टोरिया; तिने ही बाग कधी पाहिली नाही.

बागही मूळची इथली नव्हे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग आधी शिवडीला होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेल्यावर इथल्या माउंट इस्टेट या जागेवर नवी बाग आखली गेली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी तिचे उद्घाटन केले. १८७३ साली तिचा कारभार नगरपालिकेकडे आला. म्हणजे मुळात ही वनस्पतींची बाग, हे पिंजऱ्यांपुढे गर्दी करताना सहसा ध्यानात येत नाही. आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, ब्रह्मदेशाची उर्वशी, अशी दूरदेशची झाडे इथे मोठी झाली. प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा आराखडा पुढे आला, तेव्हा ती वाचवण्यासाठी नागरिकांनी चळवळ उभारली.

आता बागेच्या आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीशेजारी या. इथला सर्वांत वयस्कर प्राणी दगडाचा आहे. घारापुरीच्या या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान कोसळली. पुढे त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उरलेल्या धडाचेही तुकडे झाले. ते तुकडे १८६४ साली या बागेत आले आणि पुरी पन्नास वर्षे गेल्यावर, १९१४ मध्ये, पुन्हा जोडले गेले. जवळच सातव्या एडवर्डचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. फोर्टमधल्या ‘काळा घोडा’ या भागाचा खरा घोडा तो हाच. १९६५ मध्ये तो तिथून हलला, नाव मात्र तिथेच राहिले.

जिवंत रहिवाशांमध्ये सर्वाधिक चर्चा पेंग्विनची झाली. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि त्यांपैकी एक काही महिन्यांतच दगावल्याने टीकाही झाली. हा पक्षी बर्फातला नव्हे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. तरीही मुंबईचा उकाडा त्याला सोसणारा नाही, म्हणून काचेआड तापमान सोळा ते अठरा अंशांवर ठेवावे लागते. २०२० मध्ये औरंगाबादहून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली, तेव्हा मुलांच्या रांगा पुन्हा वाघाकडे वळल्या.

उंच झाडांवर उलटी लटकलेली वटवाघळे मात्र कोणी आणलेली नाहीत. त्यांच्यापुढे पाटी नाही, काच नाही. दिवेलागणीला पाहुण्यांना बाहेर काढून फाटके बंद होतात, आणि त्याच सुमारास ती एकेक करून भायखळ्यावरून उडत निघून जातात.